बद्द

मांजलपूरला चौथी सायकल पाहिली, शनिवारी सकाळी.
पहिली माझ्या मानाने उंच, सीटवर बसले
की बोटांची टोकं जमीन शोधत राहायची.
दुसरीच्या मालकाने फोटोत सगळं दाखवलं होतं,
चाकं सोडून.
तिसरी विकली गेली, मी रिक्षात असतानाच.

वय बेचाळीस, उंची पाच फूट दोन.
पोहणं शिकले लालबागच्या तलावात, डिसेंबरात,
सातवीतल्या पोरांच्या बॅचमध्ये;
माझ्या नाकात पाणी गेलं की त्यांना कोण आनंद.
पळणं तर येतंच, असं वाटायचं. येत नाही.
उरली सायकल. तिचा भाव ऐकून
श्रीरंग म्हणाला, एवढ्यात फ्रीज येतो.
फ्रीजवर बसून वीस किलोमीटर जाता येत नाही,
हे मी मनात म्हटलं.

जैनिलच्या हॉलमध्ये दोन बॅगा आ वासून,
शेजारी वजनकाटा, थेपल्यांची पाकिटं.
मंगळवारी कॅनडा.
भिंतीला टेकून ती: काळी, बिनचकाकीची,
पेडलांच्या वर एक नवाकोरा स्टिकर.
‘बेन, कार्बन छे. एक आंगळीए ऊंचकाय.’
एका बोटावर उचलली मी. खरंच उचलली गेली.
त्या क्षणी मी पैसे देऊन मोकळी झाले असते.

पण माझं काम कानांचं.
कारेलीबागेत, काचेपलीकडे मुलं बसतात हेडफोन लावून,
मी अलीकडून सूर सोडते, हळू, आणखी हळू,
ऐकू आलं की ती बटण दाबतात,
किंवा दाबत नाहीत.
न दाबलेल्या जागा मी कागदावर मांडते.
आया मग कागदाकडे बघतात,
माझ्याकडे बघत नाहीत.

पर्समधून रुपया काढला.
वरच्या नळीवर टक, टक, टक.
खालच्या नळीवरून पेडलांकडे उतरत
टक, टक,
आणि स्टिकरपाशी
बद्द.
पुन्हा वाजवलं. बद्द.

आई माठ असाच वाजवून घ्यायची खंडेराव मार्केटबाहेर,
आणि न बोलता पुढच्या कुंभाराकडे सरकायची.

जैनिलचे वडील चहा घेऊन आले.
‘शुं थयुं?’
त्यांच्या पाठीमागून पोराचे डोळे माझ्यावर,
हात कोपरावर, जिथे शर्टाच्या बाहीखाली
टाक्यांची गुलाबी रेघ होती.
‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘माप मोठं पडतंय मला.’
चहा छान होता. आलं जरा जास्त.

लिफ्टमध्ये तो पुटपुटला,
‘हालोल रोड. गाय आवी गई. पप्पाने खबर नथी.’
‘विकू नकोस ती कुणाला.’
त्याने मान हलवली. होकार की काय, कळलं नाही.

पार्किंगमध्ये, स्कूटरच्या आड, ताडपत्रीखाली
त्याची पहिली सायकल निघाली. लाल, लोखंडी.
गिअरचे कान खालच्या नळीवर,
सीट फाटकी, साखळी विटकरी,
वजन विचारूच नये.
रुपया लावला तर टण्ण करून
अख्खं पार्किंग जागं झालं,
वॉचमनने मान वळवली.
साडेसहा हजार. तो आठ म्हणाला होता,
आणि मग माझ्याकडे बघून थांबला होता.

लालबागच्या पुलावर चढ लागला
आणि तेव्हा कळलं की गिअर बदलायचा
तर एक हात सोडावा लागतो.
अर्ध्या पुलापर्यंत सोडवला नाही.
मागून बस, मागून शिव्या,
मांड्यांत सगळं आयुष्य गोळा झालेलं.
मग सोडला.
सायकल डुलली, सावरली,
साखळी कुरकुरत खाली उतरली
आणि पाय अचानक हलके.

उतारावर मागे कुठेतरी टिक व्हायचं,
चाकाच्या दर फेरीला एक.
स्पोक असेल, किंवा काहीच नसेल,
सोमवारी कुणाला तरी दाखवीन.
टिक.
मी अंगठा हँडलवर दाबला.
टिक.
दाबला.